रेंज नसलेल्या घरातून दूरध्वनी : वाय-फाय कॉलिंगची सोय

सह्याद्रीच्या कुशीतील खेड्यांत हिंडणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास एक दृश्य परिचयाचे आहे. गावाबाहेर एखादी खिंड, एखादा उंच खडक किंवा देवळामागील टेकाड असते आणि तेथे सकाळ-संध्याकाळ चारदोन माणसे हातात मोबाइल घेऊन उभी असतात. गावकरी त्या जागेस ‘रेंजचा दगड’ किंवा असेच काही नाव देतात. मुळशी, भोर, अकोले, महाबळेश्वर अशा डोंगरी तालुक्यांत अशी ठिकाणे जागोजागी आढळतात. बोलावयाचे असेल तर तेथे जावे आणि बोलणे झाले की घरी परतावे, असा क्रम लोकांच्या अंगवळणी पडला आहे. परंतु संकट काही रेंजच्या दगडाजवळ येऊन उभे राहत नाही. ते गोठ्यात येते, माजघरात येते आणि बहुधा रात्री येते.

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यातील एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक वाटते. माझ्या कार्यक्षेत्रातील एका वाडीत एका शेतकऱ्याची दुभती संकरित गाय दिवसभर कोवळ्या ओल्या गवतावर चरली आणि दिवेलागणीस तिचे पोट फुगले. डावी कूस ढोलासारखी ताणली गेली व गाय धापा टाकू लागली. घरातील तरुण मुलगा फोन घेऊन भर पावसात दोन किलोमीटर दूर असलेल्या खिंडीकडे धावला. पशुवैद्यक फोनवर भेटले. त्यांनी सांगितले, “गायीचे पुढचे पाय उंचावर राहतील अशी तिला उभी करा, तोंडात आडवी काठी बांधा, मी निघालोच.” सल्ला अचूक होता, परंतु सल्ला ऐकणारा खिंडीत होता आणि गाय गोठ्यात होती. मुलगा घरी पोहोचेपर्यंत गाय गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेलो, तेव्हा ओसरीच्या भिंतीवर इंटरनेटच्या यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्या घरात तीन महिन्यांपासून फायबरच्या तारेने इंटरनेट आलेले होते. मुलाच्या फोनमध्ये वाय-फायवरून साधा कॉल करण्याची सोयही होती. फक्त ती चालू केलेली नव्हती. महिन्यापूर्वी मी स्वतः त्याच ओसरीवर बसून त्यांच्याच वाय-फायवरून भाताच्या रोगट पानांची छायाचित्रे कार्यालयास पाठविली होती. त्या वेळी दोन मिनिटे खर्च करून ही सोय दाखविण्याचे मला सुचले नाही. ती उणीव माझी होती. इतरांच्या हातून ती होऊ नये, म्हणून हा लेख लिहीत आहे.

रेंज का मिळत नाही?

मोबाइल फोन हा टॉवरशी रेडिओ लहरींच्या साहाय्याने बोलतो. टॉवर आणि घर यांच्यामध्ये डोंगराचा सोंड आला की लहरी अडतात. दरीतील गावास टॉवर अगदी जवळ असूनही रेंज मिळत नाही, याचे कारण हेच होय. त्यात दगडी रुंद भिंती, सिमेंटचा स्लॅब किंवा लोखंडी पत्र्याचे छप्पर असेल, तर अंगणात मिळणारी थोडीफार रेंजही घरात नाहीशी होते. रेंज क्षीण असली म्हणजे फोन अधिक जोर लावून टॉवरचा शोध घेत राहतो. त्यामुळे बॅटरीही लवकर उतरते.

काही लोक अशा वेळी बाजारातून रेंज वाढविणारे ‘बूस्टर’ आणून छपरावर बसवितात. हा मार्ग सर्वथा टाळावा. परवान्याशिवाय असे यंत्र बसविणे बेकायदेशीर आहे. शिवाय त्याच्यामुळे टॉवरच्या कामात व्यत्यय येतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची आहे तीही रेंज बिघडते.

वाय-फाय कॉलिंग म्हणजे काय?

या पद्धतीत आपला आवाज टॉवरकडे न जाता घरातील वाय-फायच्या यंत्राकडे, म्हणजे राउटरकडे जातो. तेथून तो इंटरनेटच्या तारेने आपल्या मोबाइल कंपनीच्या केंद्रात पोहोचतो आणि पुढे नेहमीच्या कॉलप्रमाणेच समोरच्या व्यक्तीस मिळतो. आपला क्रमांक तोच राहतो. नेहमीप्रमाणेच क्रमांक दाबावयाचा व बोलावयाचे. निराळे ॲप घ्यावे लागत नाही. भारतात ही सेवा २०१९ सालच्या डिसेंबरात एअरटेलने आणि २०२० सालच्या जानेवारीत जिओने सुरू केली. देशातील देशात केलेल्या अशा कॉलला सामान्यतः वेगळे शुल्क पडत नाही. मात्र सिमकार्डाचा रिचार्ज चालू असावा लागतो.

“व्हॉट्सॲपवरून आम्ही बोलतोच की, मग हे कशाला?” असा प्रश्न शेतकरी विचारतात. प्रश्न योग्य आहे. व्हॉट्सॲपवर बोलण्यासाठी दोन्हीकडे इंटरनेट आणि तेच ॲप असावे लागते. वाय-फाय कॉलिंगमध्ये इंटरनेट फक्त आपल्याकडे असले तरी पुरते. समोरच्याकडे बटणांचा साधा फोन असो, दवाखान्यातील तारेचा फोन असो की किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक असो, सर्वत्र कॉल लागतो. इतकेच नव्हे, तर बाहेरचा मनुष्य आपल्या नेहमीच्या क्रमांकावर आपल्याला बोलावू शकतो. हा लाभ मोठा आहे. व्यापारी, पशुवैद्यक, बँक यांचे फोन घरी येऊ लागतात.

कोणती साधने लागतात?

पहिली गरज घरातील इंटरनेटची. ती फायबरच्या तारेची असल्यास उत्तम. ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मंजुरी दिली व पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत तार आली आहे काय, आणि तेथून घरोघर जोडणी कोण देतो, याची चौकशी प्रथम करावी. एका कॉलसाठी सेकंदास सुमारे १०० किलोबिट एवढा वेग पुरतो, म्हणजे सर्वांत लहान जोडणीही या कामास भरपूर होते. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. टॉवरवरून चालणारा इंटरनेटचा डबा घरी आणून उपयोग नाही. कारण जेथे रेंजच नाही, तेथे तो डबाही मुका राहतो.

दुसरी गरज म्हणजे ही सोय असलेला फोन. अलीकडील बहुतेक स्मार्टफोनमध्ये ती असते. बटणांच्या साध्या फोनमध्ये बहुधा नसते. घरातील वृद्धांना स्मार्टफोन जमत नसेल, तर फायबर देणाऱ्या कंपनीकडे तारेच्या फोनची सोय मागावी. कित्येक कंपन्या त्याच जोडणीवर घरगुती दूरध्वनी देतात. साधे फोनयंत्र डब्याच्या मागील खोबणीत जोडले की काम होते.

सोय कशी चालू करावी?

१. फोन घरातील वाय-फायला जोडावा.

२. फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये नेटवर्क किंवा सिमकार्डाचा विभाग उघडावा. तेथे ‘वाय-फाय कॉलिंग’ असे बटण असते, ते चालू करावे. शोधून सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत हेच नाव लिहावे.

३. त्याच विभागात ‘व्होल्टी’ अथवा ‘फोर-जी कॉलिंग’ हेही चालू ठेवावे. बोलता बोलता घराबाहेर पडल्यास आणि तेथे रेंज असल्यास कॉल न तुटता टॉवरवर जाण्यास याची मदत होते.

४. दोन सिमकार्डे असल्यास प्रत्येकासाठी ही सोय स्वतंत्रपणे चालू करावी.

५. आता खरी परीक्षा घ्यावी. फोन ‘विमान’ स्थितीत टाकावा, म्हणजे टॉवरशी संबंध सुटतो. मग केवळ वाय-फाय चालू करावे आणि कॉल लावून पाहावा. कॉल लागला म्हणजे सोय चालू झाली असे समजावे. त्यानंतर दुसऱ्याकडून आपल्या क्रमांकावर कॉल करवून घ्यावा व एक संदेशही मागवून पाहावा. ओटीपीचे संदेश बहुतेक फोनमध्ये याच मार्गाने येतात, परंतु आपल्या फोनमध्ये येतात की नाही हे गरज पडण्यापूर्वीच पाहून ठेवलेले बरे. परीक्षा झाल्यावर विमान स्थिती काढून टाकावी.

बटण सापडत नसेल तर फोनची प्रणाली अद्ययावत करावी. तरीही न जमल्यास आपल्या मोबाइल कंपनीकडे विचारणा करावी.

यंत्र कोठे बसवावे?

पुष्कळ घरांत राउटर लोखंडी कपाटावर, दूरदर्शन संचामागे किंवा तार जेथून आत आली त्याच कोपऱ्यात ठेवलेला असतो. हे बरोबर नाही. लोखंड, पाण्याची टाकी आणि जाड भिंती या वाय-फायच्या लहरी अडवितात. राउटर घराच्या मध्यभागी, छातीपेक्षा उंच व मोकळ्या जागी असावा. बहुतेक राउटरमधून २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन प्रकारच्या लहरी निघतात. त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीपलीकडे अधिक दूर जाते. जाड भिंतींच्या घरात तीच निवडावी. गोठा घराला लागून असेल तर गोठ्यात उभे राहून बोलता येते की नाही, हे मुद्दाम तपासावे.

वाय-फायचा सांकेतिक शब्द अवघड ठेवावा आणि वाटेल त्यास सांगू नये. जोडणी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची, हे विसरू नये.

वीज गेल्यास काय?

या सोयीचे खरे वर्म येथे आहे. जुना तांब्याच्या तारेचा दूरध्वनी घरची वीज गेली तरी चालत असे. कारण त्यास लागणारी वीज एक्स्चेंजमधील बॅटरीकडून तारेतूनच मिळे. फायबरची तार काचेची असते. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून घरची वीज गेली की डबा बंद, डबा बंद झाला की वाय-फाय बंद आणि कॉलही बंद. पावसाळी रात्री, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, हा प्रसंग ओढवतो.

यावर उपाय फारसा खर्चाचा नाही. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो व त्यास फार थोडी वीज लागते. त्यासाठी लहान बॅटरीचा यूपीएस बाजारात मिळतो. तो घेताना व्होल्ट आणि अँपिअर हे आकडे राउटरवरील आकड्यांशी जुळवून घ्यावेत. फायबरचा डबा व राउटर वेगवेगळे असतील तर दोहोंनाही बॅटरीची जोड हवी. एकालाच दिल्यास उपयोग होत नाही. घरात सौर दिव्यासाठी इन्व्हर्टर असल्यास त्यावरही ही यंत्रे चालतात.

मर्यादाही जाणून असाव्यात

ही सोय घरापुरती आहे, शिवारापुरती नाही. शेतात कीड दिसली तर छायाचित्र काढून घरी यावे व मग विचारावे. झाड पडून किंवा खोदकामात तार तुटली तर सोय बंद पडते. म्हणून रेंजच्या दगडाची वाट अगदीच बुजू देऊ नये. संकटकाळी ११२ अथवा रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक लावताना वाय-फायवरून आपले ठिकाण पलीकडे आपोआप नीट कळेलच असे नाही. म्हणून प्रथम गाव, वाडी, तालुका व जवळची खूण तोंडाने स्पष्ट सांगावी. हा मजकूर कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवून ठेवल्यास घाबरलेल्या मुलालाही तो वाचून दाखविता येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

आपल्या गावातील कोणकोणत्या घरी फायबरचे इंटरनेट आहे, याची एक यादी करावी. प्रत्येक घरी जाऊन ही सोय चालू करून द्यावी आणि विमान स्थितीतील परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायत, दूध संकलन केंद्र किंवा एखादे दुकान येथे अडीअडचणीस वापरता येईल असे एक ठिकाण ठरवावे. ‘पीएम-वाणी’ या २०२० साली मंजूर झालेल्या योजनेखाली दुकानदारासही परवान्यावाचून सार्वजनिक वाय-फाय देता येते. पावसाळ्यापूर्वीच्या खरीप सभेत बियाणे व खते यांच्या जोडीने या विषयास दहा मिनिटे द्यावीत.

वर ज्या घराची हकिगत सांगितली, तेथे आम्ही त्याच आठवड्यात ही सोय चालू केली, राउटर गोठ्याच्या बाजूच्या भिंतीवर हलविला आणि त्याला लहान बॅटरी जोडली. २०२५ च्या पावसाळ्यात त्या घरची दुसरी गाय रात्री व्याली आणि वासरू अडले. वीज गेलेली होती. मुलाने गायीजवळ कंदील धरून पशुवैद्यकांना फोन लावला. ते येईपर्यंत काय करावे आणि काय करू नये, हे तो एकेक वाक्य ऐकत गेला. गाय आणि कालवड दोन्ही वाचली. गेलेली गाय त्यामुळे परत आली नाही. परंतु आपल्या हाताशी असलेले साधन वेळीच ओळखले पाहिजे, हा धडा ती आम्हा सर्वांस देऊन गेली. ज्यांच्या घरी तो हिरवा दिवा लुकलुकतो आहे, त्यांनी आज संध्याकाळीच आपला फोन तपासून पाहावा.