लांबचा नेम (लेखांक ६) : काडतूस आधी, रायफल मागून

खास बनवून घ्यायच्या रायफलीचा विषय निघाला की बोलणे नळीवर जाते, दुर्बिणीवर जाते, दस्त्याच्या लाकडावर रेंगाळते. काडतुसाचा विचार शेवटी येतो, तोही ‘सगळ्यात वेगवान कोणते?’ एवढ्यापुरताच. हा क्रम उलटा आहे. नळीचा व्यास, आतल्या खाचांचा पीळ, चेंबरचा आकार, बोल्टचे तोंड, मॅगझिनची लांबी हे सगळे काडतुसावरून ठरते. एकदा चेंबर कापले की मत बदलायला नवी नळीच लागते.

आपल्याकडे तर त्याआधी परवाना आहे. सैन्य-पोलिसांच्या वापरातल्या काडतुसांची रायफल सर्वसाधारण नागरिकाला मिळत नाही; .३०३ हे त्याचे जुने उदाहरण. आयुध निर्माण्यांची .३१५ बोअरची रायफल आणि तिचे ‘केएफ’ छापाचे काडतूस खेडोपाडी परवानाधारकांकडे दिसते, त्यामागे हेच कारण आहे. ‘केएफ’ म्हणजे खडकीचा कारखाना, १८६९ पासूनचा. पण .३१५ची गोळी जड, बोथट नाकाची आणि मंद. शेतराखणीसाठी ती ठीक. लांबच्या कागदी निशाणासाठी तिच्यावर पैसा घालू नये, हे मी स्पष्ट सांगतो. .३०८ विंचेस्टर हे तर सैन्याच्या ७.६२ बाय ५१चे नागरी जुळे भावंड. म्हणून रायफलीची ऑर्डर देण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा आणि खेळाडूंसाठीच्या सवलती राज्य रायफल संघटनेकडून समजून घ्या. परवाना एका बोअरचा आणि मनात काडतूस दुसरेच, अशी गत होऊ देऊ नका.

आता अंतर. जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदनहून नेमबाजीत उतरणाऱ्या मुलामुलींसमोर प्रत्यक्षात येणारे लांब अंतर ५० मीटरचे आहे. हे ऐकून कुणाचा हिरमोड होईल, होऊ नये. तिथल्या कागदावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकचे कांस्य मिळवले ते याच अंतरावर आणि .२२ लाँग रायफल या इवल्याशा काडतुसाने. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून झाडण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली, तेही याच काडतुसावर.

नियमानेच कॅलिबर बांधून दिले आहे, मग निवडायचे काय? लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसे. .२२च्या काडतुसात टोपी वेगळी बसवलेली नसते. पितळी केसच्या काठाच्या आत स्फोटक मसाला भरलेला असतो आणि पिन काठावर आदळते. काठातला मसाला, चिमूटभर दारू, सुमारे २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी आणि तिच्यावरचे मेणासारखे वंगण यांतला केसभर फरकही कागदावर उमटतो. हे काडतूस पुन्हा भरताही येत नाही. कारखान्यातून येते तसेच ते स्वीकारावे लागते. म्हणून वरच्या पातळीचे नेमबाज एली, लापुआ, आरडब्ल्यूएस अशा कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर आपली रायफल घेऊन जातात. रायफल पक्की जखडतात, वेगवेगळ्या लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात, कोणत्या लॉटची भोके सर्वांत जवळ पडतात ते पाहतात आणि त्या लॉटची हजारो काडतुसे एकदम उचलतात. एका नळीला लाडका असलेला लॉट शेजारच्या नळीला मानवेलच असे नाही, मग दोन्ही नळ्या एकाच कारखान्याच्या का असेनात. परदेशी जाणे परवडत नसेल तर चार-पाच लॉटची एकेक पेटी मिळवून, वारा पडलेला असताना, टेकू देऊन हीच परीक्षा इथेही घेता येते. नव्या दस्त्यावर खर्च करण्याआधी ती घ्या.

स्पर्धेच्या .२२ची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जरा कमीच. हे मुद्दाम केलेले असते. आवाजाच्या वेगाच्या उंबरठ्यावर गोळीभोवतीच्या हवेचे दाब बदलतात आणि तिला हादरे बसतात. म्हणून ती सुरुवातीपासूनच अलीकडे ठेवतात. मोठ्या रायफलीत हाच उंबरठा दुसऱ्या टोकाला आडवा येतो. गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने निघते, हवा तिला अडवत जाते, आणि कुठेतरी ती उंबरठ्याशी पोचते. मंदावलेला भोवरा डुलू लागतो तशी काही गोळ्यांची गत तिथे होते. लांब पल्ल्याचे काडतूस निवडणे म्हणजे मुख्यतः हे ‘कुठेतरी’ निशाणाच्या पलीकडे ढकलणे.

.३०८ हे काडतूस १९५२चे. त्यातली १६८ ग्रेनची प्रसिद्ध स्पर्धा-गोळी ३०० मीटरसाठी घडवली होती. तिथे ती उत्तम, पण १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, ती डगमगते. १७५ ग्रेनची, म्हणजे ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास निघते आणि तेवढे अंतर जेमतेम निभावते. काडतूस तेच, गोळी बदलली की निकाल बदलतो. २००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी सडपातळ, लांब नाकाची. हवा तिला कमी अडवते. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात १००० यार्डांवर .३०८ची गोळी दोन मीटरच्या पुढे सरकते, ६.५ची त्याच्या पाऊण पट. धक्काही कमी बसतो, त्यामुळे दिवसअखेर खांदा थकलेला नसतो.

हे आकडे समुद्रसपाटीच्या थंड हवेतले. जालना सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी इथली हवा त्या प्रमाण हवेपेक्षा १२-१३ टक्क्यांनी विरळ असते. गोळी वेग कमी गमावते, हा फायदा. पण तापलेल्या हवेत आवाजाचा वेगही सेकंदाला ३४० मीटरवरून ३५५पर्यंत चढतो, म्हणजे उंबरठा थोडा जवळ येतो. शिवाय उन्हात तापलेल्या काडतुसातली दारू जोराने जळते, दाब वाढतो आणि गोळी सकाळपेक्षा वर लागते. काडतुसांची पेटी उन्हात किंवा गाडीच्या टपावर ठेवू नका. झाडलेल्या गोळीनंतर चेंबर तापलेले असेल तर पुढचे काडतूस त्यात शिजत ठेवू नका. आणि डिसेंबरच्या सकाळी लिहिलेले आकडे मे महिन्याच्या दुपारी वापरू नका; दोन्ही ऋतूंची वही वेगळी हवी.

हजार यार्डांची स्पर्धा भारतात झालेलीच नाही असे नाही. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत फुलबोअरचे, म्हणजे मोठ्या बोअरच्या रायफलींचे, सामने गुडगावजवळच्या कादरपूर रेंजवर झाले. पण हजार यार्डांची सुरक्षित रेंज आपल्या जिल्ह्यात मिळणे अवघड आहे, आणि मोकळ्या माळावर गोळी झाडणे हा त्यावरचा उपाय मुळीच नव्हे. अशी गोळी कित्येक किलोमीटर जाऊ शकते आणि आपल्या माळांवर गुरे राखणारी माणसे असतात. रेंज नसेल तर मोठी रायफलही नको.

रेंज आणि परवाना दोन्ही असतील, तर माझे मत .३०८च्या बाजूने आहे, ६.५चे सगळे गुण मान्य करूनही. एक कारण नियमाचे. एफ-क्लास या टेकू देऊन खेळायच्या लांब पल्ल्याच्या प्रकारात एफ-टीआर गटात फक्त .२२३ आणि .३०८ चालतात, ६.५ घेतलेल्याला खुल्या गटात जाऊन जड, महागड्या रायफलींशी भिडावे लागते. दुसरे कारण नळीच्या आयुष्याचे. .३०८ची नळी ढोबळमानाने पाच हजार गोळ्या नेम राखते, ६.५ची त्याच्या निम्म्यावर उतरते, कारण जवळपास तेवढीच दारू अरुंद नळीच्या घशातून जळत जाते. शिकणाऱ्याच्या हातून गोळ्या खूप झडतात, झडायलाच हव्यात. तिसरे कारण बोल्टचे. .३०८, ६.५ क्रीडमूर आणि ३०० मीटरवाल्यांची आवडती ६ मिमी बीआर या तिघांच्या बुडाचा व्यास सारखाच, सुमारे १२ मिलिमीटर. अ‍ॅक्शन (बोल्ट आणि त्याचे घर) चांगली घेतली असेल तर .३०८ची पहिली नळी झिजल्यावर त्याच अ‍ॅक्शनवर ६.५ची नळी चढवता येते. परवान्यात तशी नोंद मात्र आधी करून घ्यावी लागते. तोवर वारा वाचायला शिकून झालेले असते. तो विषय पुढच्या आठवड्यात.