ओवा, लसूण आणि ब्रॉयलर

बंगळुरात हेब्बाळचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि आडुगोडी येथे 1995 साली स्थापन झालेली राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था, अशी पशुपक्ष्यांच्या आहाराचा शास्त्रशुद्ध विचार करणारी दोन पीठे असल्यामुळे, कोंबडीला प्रतिजैविकांऐवजी काय चारावे हा प्रश्न या शहरात नुसत्या कुतूहलाचा राहत नाही.

त्याचा उगम मात्र अमेरिकेत आहे. 1948 च्या सुमारास जूक्स आणि स्टोकस्टाड या संशोधकांनी ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरलेला चोथा जीवनसत्त्वाच्या आशेने पिलांना चारला, आणि पिले अपेक्षेहून अधिक वाढली. सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास वजन धरणाऱ्या ब्रॉयलरच्या पालनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच असल्यामुळे, औषधाची ही चिमूट जगभर दाण्यात मिसळली जाऊ लागली. अल्प मात्रेने दुबळे जंतू मरतात आणि चिवट उरतात, एवढेच नव्हे तर ते आपला चिवटपणा इतर जंतूंनाही देऊ शकतात, हे ध्यानी येताच स्वीडनने 1986 साली, आणि 1 जानेवारी 2006 पासून समग्र युरोपीय संघाने, वाढीसाठी प्रतिजैविके चारण्यास मनाई केली. मनुष्याच्या अखेरच्या उपायांत गणल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुपालनातील वापर बंद करण्याचा हुकूम आपल्या केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये जारी केला.

पर्याय पुष्कळ आहेत. ओव्यातील थायमॉल जंतूंचे आवरण भेदते, लसणातील अ‍ॅलिसिन त्यांची वाढ रोखते, ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराचे पोषण करते आणि लॅक्टोबॅसिलससारखे उपकारक जंतू अपकारकांची जागा अडवतात. तथापि काचेच्या बशीत सिद्ध झालेला गुण पक्ष्याच्या पोटात तितकाच दिसेल अशी हमी नसते. गोळीखाद्य करतानाच्या उष्णतेने सुगंधी तेल उडते, उरलेले आतड्याच्या शेवटापर्यंत पोहोचण्यापूर्वीच शोषले जाते (म्हणून ते स्निग्ध आवरणात बांधून देतात), आणि दोन शेतांतल्या ओव्याचा कस सारखा नसतो. आजीच्या बटव्यातले म्हणून गुणकारी, हा युक्तिवाद येथे चालत नाही.

माझ्या मते खरी गोम शेडमध्ये आहे. ओले तूस, कोंदट हवा आणि पक्ष्यांची दाटी यांनी होणारी मरतूक प्रतिजैविक झाकून ठेवत असे. शेड स्वच्छ असेल तर त्याचा लाभही पुष्कळसा ओसरतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. वनौषधीवर हा झाकण्याचा भार टाकणे अन्यायाचे होय. तेव्हा स्वतंत्रपणे पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याने अशा वनौषधी मिश्रणाचे पोते घेण्यापूर्वी, ते न चारलेल्या पक्ष्यांच्या तुलनेत वजन, मरतूक आणि खर्च यांचा प्रयोगसिद्ध हिशेब विक्रेत्याकडे अवश्य मागावा.