बैठकीतला बार

"घरात बार?" सासूबाईंनी एवढेच विचारले आणि जपमाळ हाती घेतली. दारूपायी माहेरचा वाडा विकला गेलेला त्यांनी पाहिला होता. ह्यांचा मात्र हट्ट, साहेब जेवायला यायचे, सरबराई झोकात व्हायला हवी!

शेवटी आजेसासऱ्यांचे सागवानी फडताळ पॉलिश करून बैठकीत आणले. व्हिस्की-रम वरच्या फळीवर, उभ्या. आडव्या ठेवल्या तर कडक मद्याने बूच खराब होते. बुचाची वाइन मात्र आडवी, म्हणजे बूच ओले राहते. व्हर्मूथ फोडली की फ्रीजमध्ये. बर्फाचे खडे मोठे घ्यावेत, सावकाश विरघळतात. आणि हो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात घरी प्यायलाही परवाना लागतो. पॉलिशवाल्याकडे चार खेपा घालणारे हे, नेमका परवानाच विसरले होते!

खालची फळी माझी. न पिणाऱ्या पाहुण्याच्या हाती स्टीलचे भांडे देणे म्हणजे त्याला पंगतीतून उठवणेच. म्हणून पेले तेच नक्षीदार, आत कोकमाचे आगळ, साखरेचे पाणी, सोडा, चिमूटभर जिरेपूड. आगळात मीठ असतेच. चाखल्याशिवाय वर घालू नये.

मेजवानीला सासूबाई आतच बसल्या होत्या. साहेबांच्या पत्नीने विचारले, "हे लाल कसले हो?" तशा त्या बाहेर आल्या आणि रातांबे फोडण्यापासून सारे सांगत बसल्या. साहेबांनी दुसरा पेला मागितला तो आगळाचा.

रात्री फडताळाला कुलूप त्यांनीच लावले. किल्ली कमरेला खोचली, ती अजून तिथेच आहे.