सहा वर्षांच्या अलीकडचे विशेष शिक्षण आणि गोंदिया जिल्हा

जन्मापासून साधारणतः सहा वर्षे वयापर्यंतच्या अपंग किंवा विकासात मागे पडत असलेल्या मुलाला पद्धतशीरपणे शिकवण्याच्या शास्त्राला पूर्वबाल्यावस्थेतील विशेष शिक्षण म्हणतात, आणि हे काम करणाऱ्या शिक्षकाची घडण हा महाराष्ट्रातील शिक्षक-प्रशिक्षणाचा फारसा चर्चेत न आलेला विभाग आहे. त्याचे एक कारण कायद्याच्या रचनेतच सापडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी सहा ते चौदा या वयोगटाला दिली, तर १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३१ ने लक्षणीय अपंगत्व असलेल्या, म्हणजे किमान चाळीस टक्के अपंगत्व प्रमाणित झालेल्या मुलांसाठी मोफत शिक्षणाचा हक्क अठरा वर्षांपर्यंत नेला. परंतु दोन्ही ठिकाणी खालची मर्यादा सहा वर्षे हीच राहिली. बोलणे, चालणे, वस्तू हातात धरणे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून प्रतिसाद देणे या क्षमता ज्या वर्षांत आकार घेतात नेमकी तीच वर्षे या हमीच्या बाहेर पडतात.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्यात या त्रुटीला भूगोलाची आणि भाषेची जोड मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे सव्वातेरा लाख लोकसंख्येचा हा जिल्हा आठ तालुक्यांचा असून त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट आणि पूर्वेस छत्तीसगड आहे. गोंदिया शहर मुंबई-हावडा लोहमार्गावरील जंक्शन असल्याने आणि २०१६ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने शहराजवळच्या कुटुंबाला तज्ज्ञ डॉक्टर गाठता येतो. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील जंगलालगतच्या गावातून मात्र एका तपासणीसाठी पूर्ण दिवसाची मजुरी बुडते, आणि विशेष शिक्षण हे एका तपासणीत आटोपणारे काम नसून आठवड्यामागून आठवडे चालणारे काम आहे. पावसाळ्यात धानाच्या रोवणीला आणि उन्हाळ्यात मोहफूल व तेंदूपत्ता गोळा करायला घरातील बहुतेक मोठी माणसे बाहेर असतात, त्यामुळे लहान मूल दिवसभर आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ असते. या जिल्ह्यात काम करू इच्छिणाऱ्या शिक्षकाने ही माहिती पार्श्वभूमी म्हणून ऐकून सोडून देण्यासारखी नाही, कारण त्याच्या पाठाची वेळ आणि त्याचा खरा विद्यार्थी या दोन्ही गोष्टी त्यावरच ठरतात.

मुलाचा शोध कसा लागतो हे आधी पाहिले पाहिजे. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात, आणि जन्मजात व्यंग, आजार, पोषणद्रव्यांची कमतरता व विकासातील विलंब या चार गटांपैकी कशाचीही शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. शीघ्र हस्तक्षेप म्हणजे अडचण पक्की होण्याची वाट न पाहता ती दिसू लागताच उपचार आणि शिक्षण एकत्र सुरू करणे. या केंद्राच्या मंजूर रचनेत बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांच्या जोडीला शीघ्र हस्तक्षेपक-नि-विशेष शिक्षक असे एक पद ठेवलेले आहे, आणि सरकारी यंत्रणेत शाळापूर्व वयाच्या विशेष शिक्षकासाठी स्पष्टपणे राखलेली जागा म्हणून दाखवता येईल असे हे जवळजवळ एकमेव पद म्हणावे लागेल.

तपासणीचे जे साधन छात्राध्यापिकेच्या हाती सर्वात आधी येते त्याची रचना सोपी आहे. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रात डॉ. एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या विकास तक्त्यात दोन वर्षांपर्यंतची सतरा कौशल्ये आडव्या पट्ट्यांच्या रूपात दाखवलेली असतात, आणि प्रत्येक पट्टीची लांबी म्हणजे ते कौशल्य येण्याचा सर्वसाधारण कालावधी असतो. मुलाच्या वयाच्या महिन्यावर एक पट्टी किंवा पेन्सिल उभी ठेवायची आणि तिच्या डावीकडे पूर्ण संपलेल्या पट्ट्यांपैकी एखादे कौशल्य मुलाला येत नसेल तर विलंबाची शंका धरायची, एवढाच त्याचा नियम आहे. अंगणवाडी सेविकेला तो अर्ध्या तासात शिकवता येतो. अवघड असते ते त्यानंतरचे आईशी बोलणे. २०१८ साली केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांखालील मुलाला बौद्धिक अक्षमतेचा शिक्का न मारता विकासातील सर्वांगीण विलंब असे निदान लिहिले जाते, कारण या वयात मूल किती पुढे जाईल हे खात्रीने सांगता येत नाही. हा सावधपणा कागदावर पाळणे सोपे आणि ओसरीवर बसलेल्या चार नातेवाइकांसमोर, खोटी आशा न लावता व धसकाही न देता पाळणे कठीण असते, म्हणून चांगल्या प्रशिक्षणात समुपदेशनाच्या सरावाला पाठ टाचणाइतकेच महत्त्व दिले जाते.

या क्षेत्रातील अभ्यासक्रमांवर भारतीय पुनर्वास परिषदेचे नियंत्रण असते. १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झालेल्या या परिषदेला १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा दिला, आणि परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याशिवाय कोणालाही विशेष शिक्षक म्हणून व्यवसाय करता येत नाही. तसे केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. बारावीनंतर मिळणारी विशेष शिक्षणातील दोन वर्षांची पदविका हा सर्वाधिक रुळलेला मार्ग असून ती श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशा स्वतंत्र शाखांतून घेतली जाते. लहान मुलांच्या विशेष शिक्षणासाठी परिषदेने एक वर्षाची वेगळी पदविकाही आखली, आणि वैद्यक, मानसशास्त्र, उपचारशास्त्र किंवा विशेष शिक्षण यांतील पदवीधरांसाठी शीघ्र हस्तक्षेपातील पदव्युत्तर पदविका आहे. यांपैकी दोन वर्षांच्या पदविकेकडेच विद्यार्थ्यांचा ओढा असतो, कारण शाळेतील नोकरीसाठी ती चालते. परिणामी सहा वर्षांखालील मुलांसाठी घेतलेले वेगळे शिक्षण व्यवहारात पुष्कळदा मोठ्या मुलांच्या वर्गात वापरले जाते किंवा मुळात घेतलेच जात नाही.

अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे मुलाला शिकवण्यासाठी आधी घरातल्या माणसाला शिकवणे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या पोर्टेज या गावी १९६९ मध्ये जी पद्धत सुरू झाली तिचा जन्म ग्रामीण अंतरांतून झाला होता. विखुरलेल्या घरांतील लहान मुलांना एका केंद्रात रोज आणणे शक्य नव्हते, म्हणून शिक्षक आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागला, त्या आठवड्यासाठी एक-दोन नेमकी कौशल्ये निवडून ती कशी शिकवायची हे पालकाला करून दाखवू लागला आणि पुढच्या भेटीत नोंदी तपासू लागला. भारतात शीघ्र हस्तक्षेपाचे जे घरगुती कार्यक्रम पुढे आखले गेले त्यांवर या पद्धतीचा ठसा स्पष्ट आहे, आणि देवरी-सालेकसाच्या टोल्यांना ती शहरी उपचार केंद्राच्या पद्धतीपेक्षा कितीतरी जवळची आहे.

यातील एक तंत्र जवळून पाहण्याजोगे आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडण्याची अवस्था, असलेल्या तीन वर्षांच्या मुलाला हाताने भात खायला शिकवायचे असेल तर छात्राध्यापिकेला प्रथम कार्यविश्लेषण करावे लागते. ताटलीकडे हात नेणे, घास चिमटीत धरणे, हात उचलणे, तोंडापर्यंत आणणे, ओठ मिटून घास आत घेणे अशा लहान पायऱ्या ती लिहून काढते आणि त्यांतील शेवटच्या पायरीपासून शिकवायला सुरुवात करते: मुलाच्या हातावर आपला हात ठेवून घास ओठांपर्यंत न्यायचा, तिथे हात सोडायचा आणि उरलेले बोटभर अंतर मुलाला कापू द्यायचे. ते साधले की हात थोडा आधी सोडायचा. प्रत्येक वेळी घास तोंडात पडून काम पूर्ण होत असल्याने मुलाला अपयशाची चव लागत नाही, हे या उलट्या क्रमाचे मर्म आहे. त्याआधी मुलाला नीट बसवावे लागते, कारण धड तोलता येत नसेल तर हात मोकळा होत नाही. त्यासाठी दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवून दोन्ही बाजूंना गोधडीच्या घट्ट गुंडाळ्या लावल्या तर महागड्या खुर्चीवाचून पुष्कळ काम भागते. मऊ भाताचा गोळा बोटांना सहज धरता येतो आणि धानाच्या या प्रदेशात तो प्रत्येक घरी दोन वेळा उपलब्ध असतो, तेव्हा रंगीत ठोकळ्यांच्या पेटीआधी हा पाठ घेणे शहाणपणाचे ठरते. पाठाची जागा जेवणाची वेळ हीच असल्याने आजीला वेगळा वेळही काढावा लागत नाही.

कर्णबधिर मुलांच्या शाखेत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि इथे गोंदियाची भाषास्थिती थेट आड येते. आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे की एका महिन्याच्या आत श्रवणाची चाळणी चाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्रासह भाषाशिक्षणाची सुरुवात व्हावी. श्रवणयंत्र लागल्यावर शिक्षिका रोज सकाळी तोंड कागदाने झाकून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी उच्चारते आणि मुलाला कोणते ऐकू आले ते टिपते. डॅनिएल लिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे ध्वनी झटपट तपासते. परंतु या भागातील झाडीबोली आणि पोवारी या बोलींत पुष्कळ ठिकाणी शच्या जागी स आणि णच्या जागी न उच्चारला जातो. ज्या मुलाने घरात श कधी ऐकलाच नाही त्याने शला स म्हटले तर तो श्रवणदोष मानायचा की घरची बोली, हे ठरवण्यासाठी आईचा उच्चार आधी ऐकावा लागतो, आणि प्रमाण मराठीवर बेतलेल्या उच्चार-याद्या हा भेद शिक्षिकेला आपणहून करून देत नाहीत. घरी गोंडी, बाजारात हिंदी आणि अंगणवाडीत मराठी अशा तिहेरी वातावरणातील मुलाला बोलायला उशीर झाला की दोष बहुभाषिकतेला देऊन मोकळे होण्याची सवय सर्वत्र आढळते. ती दुहेरी घातक आहे, कारण तिच्यामुळे खरा श्रवणदोष दडून राहतो आणि पालकांना घरची भाषा सोडण्याचा चुकीचा सल्लाही मिळतो. विशेष शिक्षणाचा सुरुवातीचा पाठ मूल ज्या भाषेत कुशीत घेतले जाते त्या भाषेत व्हावा, हा साधा नियम प्रशिक्षण संस्थांच्या मराठी-हिंदी-इंग्रजी चौकटीत सहज हरवतो. गोंडी बोलणारी छात्राध्यापिका म्हणूनच या जिल्ह्यात केवळ सामाजिक प्रतिनिधित्वासाठी हवी आहे असे नाही. ती शास्त्रीय गरज आहे.

अंगणवाडीला या कामाशी जोडणे नैसर्गिक आहे, आणि त्याला इतिहासाचाही आधार आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह उघडले त्यापूर्वी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम केले होते आणि त्यासाठी एदुआर सेगँ यांनी अशाच मुलांकरिता बनवलेली साधने वापरली होती. ती पद्धत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामार्फत इकडे आली, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ पासून बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडला ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. अपंग मुलांसाठी जन्मलेली साधने अशा रीतीने सर्व मुलांची झाली. मात्र २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पोषण आणि लसीकरण यांना जेवढी जागा मिळाली तेवढी अपंग मुलाच्या शिक्षणाला मिळाली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर करून ओळख, समावेशन आणि पुढे पाठवणी यांची जबाबदारी सेविकेच्या कामात आणली. आहार, नोंदी आणि मोबाइलवरील माहिती भरणे यांनी आधीच दबलेल्या सेविकेकडून ही अपेक्षा पूर्ण व्हायची असेल तर तिच्या पाठीशी प्रशिक्षित विशेष शिक्षक असावा लागेल, आणि त्याची तरतूद त्या कार्यपद्धतीइतकी ठळक नाही.

गोंदियातून हे शिक्षण घेणाऱ्यांना बहुधा नागपूरकडे पाहावे लागते, तरी दुसरी दिशाही विचारात घेण्यासारखी आहे. जून २०२१ मध्ये देशात एकाच छताखाली सर्व प्रकारच्या अपंगत्वासाठी जी चौदा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू झाली त्यांत छत्तीसगडमधील राजनांदगावच्या संयुक्त प्रादेशिक केंद्राचा समावेश होता, आणि सालेकसा-दरेकसा ही राजनांदगावकडे जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गावरचीच स्थानके असल्याने पूर्वेकडील गावांना ते नागपूरपेक्षा जवळ पडते. राज्याची सीमा आणि हिंदी माध्यम यांमुळे महाराष्ट्राच्या यंत्रणेला हे केंद्र सहसा आठवत नाही. रुग्ण मात्र बालाघाटहून गोंदियाला येताना किंवा देवरीहून राजनांदगावला जाताना सीमा पाहत नाहीत.

शिक्षण पूर्ण केल्यावर नोकरी कोठे, या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही. रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निकालानंतर प्राथमिक स्तरावर दहा अपंग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना त्यानुसार पदे अधिसूचित करण्यास सांगितले, परंतु हे प्रमाण शाळेच्या पटावरील संख्येवर बांधलेले आहे. जिल्हा केंद्रांतील पदे बहुतांशी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या करारावर भरली जातात आणि करार संपला की शिक्षिकेने घरोघर जमवलेली ओळखही संपते. तालुक्याच्या एकात्मिक बालविकास प्रकल्पामागे एक फिरता विशेष शिक्षक नेमून त्याने आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या अंगणवाडीत बसावे, आणि आशा कार्यकर्तीच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पाच गृहभेटींना आपल्या भेटी जोडून घ्याव्यात, अशी व्यवस्था सध्याच्या यंत्रणेत फार मोठा बदल न करता उभी राहू शकते. आठ तालुक्यांच्या जिल्ह्याला त्यासाठी प्रकल्पागणिक एक याप्रमाणे मोजकीच पदे लागतील, आणि ती नियमित असावी लागतील.