चार जीबीच्या लॅपटॉपवर गेम? जमतंय की!

मोबाइलवर गेम खेळणारे गल्लोगल्ली सापडतील. बनवणारे किती? गडचांदूरसारख्या गावात हा विषय निघाला की पहिली अडचण येते ती लॅपटॉपची. ती खोटीही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा गेम अनरिअल इंजिनवर बनला. त्याच इंजिनच्या आजच्या पाचव्या आवृत्तीसाठी ३२ जीबी रॅमची शिफारस आहे. आपल्याकडे दादाचा जुना, चार जीबीवाला. मग स्वप्न गुंडाळून ठेवायचं?

अजिबात नाही. एसडीएलचं नाव ऐकलंय? पूर्ण नाव सिम्पल डायरेक्टमीडिया लेयर. सॅम लँटिंगा या प्रोग्रामरने १९९८ मध्ये ती लायब्ररी आणली. काम सोपं, पण मोलाचं. विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड या प्रत्येकाची चित्र दाखवायची, आवाज वाजवायची, की-बोर्ड वाचायची भाषा वेगळी. आपल्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी एकत्र ऐकू येतात. तिथं तिन्ही जाणणारा माणूस जे करतो, तेच एसडीएल करते. तुम्ही तिला एकदा सांगायचं, पुढचं ती बघते.

ही पोरासोरांची खेळणी नाही बरं का! व्हॉल्व्ह कंपनीने आपले गेम लिनक्सवर नेताना हीच लायब्ररी वापरली. २०१३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून तिचा परवाना झेडलिब आहे. म्हणजे ती फुकट वापरा, बनवलेला गेम विका, कुणाला रॉयल्टी द्यायची नाही.

सी भाषेची धास्ती वाटते? मग पायगेम घ्या. एसडीएलला पायथनमधून वापरण्यासाठी २००० मध्ये ती सुरू झाली. सेकंड इयरपर्यंत शिकलेलं पायथन इथं पुरतं.

इंजिनमध्ये बरंच काही आयतं मिळतं. इथं मात्र गेमचं चक्र स्वतः लिहावं लागतं: बटण कोणतं दाबलं ते बघा, पात्राची जागा बदला, चित्र काढा; पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ६० वेळा. म्हणजे एका फेरीला साधारण १६ मिलिसेकंद! जागा बदलण्याचं गणित, धडक ओळखणं, मेमरी वाचवणं, सगळं हाताखालून जातं. वेळ जास्त लागतो, पण वर्गात रटाळ वाटलेलं लूप इथं जिवंत होतं.

एक गोम मात्र आहे. जंगलातल्या माणिकगडावर गेम करायचा ठरवलात आणि पडद्यावर ‘किल्ला’ लिहिलंत, तर वेलांटी भलतीकडे आणि ‘ल्ल’ फुटलेला दिसू शकतो. देवनागरीची अक्षरं नीट जुळवायला हार्फबझ नावाची वेगळी लायब्ररी लागते. एसडीएलच्या फॉन्ट लायब्ररीला ती जोडता येते. सुरुवातीला सोपा उपाय म्हणजे शब्दाचं चित्र बनवून तेच दाखवायचं. आपल्या भाषेत गेम हवा असेल, तर ही खटपट आपल्यालाच करावी लागणार.

नोकरीची हमी कुठलीच लायब्ररी देत नाही. पण मुलाखतीत दाखवायला स्वतःचा चालता गेम असणं वेगळंच! या रविवारी एवढंच करा: एक विंडो, त्यात एक चौकोन, आणि चार बाणांनी तो हलवा. एकदा हलला, की पुढचं सुचत जाईल.