किडा कोंबडीवर की खुराड्यात?



आजची गोष्ट आमच्याच घरातली आहे. चैत्राचे दिवस होते. सासूबाईंनी तांबड्या गावठी कोंबडीखाली 11 अंडी ठेवली. पंधरा दिवस कोंबडी शहाण्यासारखी रवणावर बसली. सोळाव्या दिवशी दाणे खायला उठली ती पुन्हा टोपलीत जाईना. धरून बसवली तरी उडी मारून बाहेर. सासूबाई म्हणाल्या, "हिका कोणाची तरी दिष्ट लागली." मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. रात्री मी टोपली आत घ्यायला गेले, तर हातावर काहीतरी सुळसुळलं. बॅटरी मारून पाहिलं. तिळाहूनही बारीक, तांबडे-काळपट किडे टोपलीच्या विणीत गच्च भरले होते. दिष्ट वगैरे काही नव्हती. बिचारी कोंबडी रात्रंदिवस रक्त देत बसली होती. सोसेना तेव्हा उठली. अंडी थंड पडली आणि 11 पिल्लांवर पाणी पडलं.

त्याच्या आधी आठवडाभर कोंबडी चोचीने अंग खाजवताना मी पाहिली होती. उवा असतील म्हणून तिच्या अंगाला दोनदा राख चोळली आणि परत त्याच टोपलीत बसवली. किडा टोपलीत आणि उपाय कोंबडीवर! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं झालं. म्हणून आज एवढं एकच सांगायचं आहे : औषध शोधण्याआधी किडा कुठे राहतो ते शोधा.

ऊ वेगळी, तांबडा किडा वेगळा

कोंबडीची ऊ जन्मापासून मरेपर्यंत कोंबडीच्या अंगावरच राहते. रंग पिवळसर, गव्हाच्या कोंड्यासारखा. ती पिसं आणि कातडीचा कोंडा कुरतडते. पिसांच्या बुडाशी तिच्या लिखांचे पांढरे पुंजके चिकटलेले दिसतात. कोंबडीपासून वेगळी झालेली ऊ आठवडाभरात मरते. ही ऊ माणसाच्या डोक्यात राहत नाही, आणि आपल्या डोक्यातली कोंबडीवर जात नाही. ती भीती काढून टाका.

तांबडा किडा, ज्याला पशुवैद्यक 'माइट' म्हणतात, तो कोळ्याच्या जातीतला, आठ पायांचा. हा चोरासारखा वागतो. दिवसा खुराड्याच्या फटीत, फळीखाली, टोपलीच्या विणीत लपतो. रात्री कोंबडी झोपली की बाहेर येतो, रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत फटीत. उपाशी असताना करडा दिसतो, रक्त प्यायला की तांबडा होतो. उन्हाळ्यात याची एक पिढी साधारण आठवडाभरात तयार होते. कोंबडी रवणावर बसते 21 दिवस. म्हणजे एका रवणात तीन पिढ्या! आणि खुराडं रिकामं ठेवलं तरी तो काही महिने उपाशी तग धरतो. "कोंबड्या विकल्या, खुराडं दोन महिने बंद होतं, आता काही नसेल," असं समजून नव्या कोंबड्या आणू नका.

माइटच्या काही जाती कोंबडीच्या अंगावरही मुक्काम करतात. तेव्हा शेपटीखालची पिसं काळी, मळकट दिसतात. शंका असेल तर कोंबडी आणि खुराडं दोन्हीवर उपाय करा.

तपासायचं कसं?

दिवसा कोंबडी मांडीवर उलटी धरा. शेपटीखाली, पंखाखाली आणि मानेवर पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिवळसर किडे पळताना दिसले किंवा लिखांचे पुंजके दिसले, तर उवा आहेत.

रात्री नऊच्या सुमाराला बॅटरी घेऊन खुराड्यात जा. कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं घासत न्या. फडक्यावर रक्ताचे डाग उमटले, तर तांबडा किडा आहे. दिवसा शोधाल तर हा सापडायचा नाही.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. रोज खुराड्यात जाणारी कोंबडी संध्याकाळी आत जायला नको म्हणू लागली, आंब्या-फणसावर चढून बसू लागली, तर तिला बोल लावू नका. आधी खुराडं तपासा. तुरा फिका पडणं, अंडी कमी होणं, खुडूक कोंबडी मध्येच उठणं या सगळ्या त्याच वाटेवरच्या खुणा.

अंगावरच्या उवांना काय करायचं?

कोंबडी स्वतःच आपलं औषध करते, धुळीत लोळून. कोरडी धूळ पिसांत भरते आणि उवा झडतात. पण आपल्याकडे मिरगापासून चार महिने पाऊस. अंगण ओलं, धूळ कुठली? म्हणून पावसाळ्यात उवा वाढतात. पडवीत, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा जागी जुनं घमेलं किंवा टायर ठेवा. त्यात चुलीतली चाळलेली गार राख आणि बारीक कोरडी माती निम्मी-निम्मी भरा, वीतभर खोल. मे महिन्यातच एक पोतं कोरडी माती भरून ठेवलीत तर पाऊसभर पुरेल. राख ओली झाली की कातडीला झोंबते, ती लगेच बदला.

उवा फार असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून कोंबडीसाठीची भुकटी आणा आणि सांगतील तेवढीच लावा. लिखांवर भुकटी चालत नाही. त्या पुढे फुटतात. म्हणून दहा दिवसांनी पुन्हा लावायलाच हवी. आपण बहुतेक जणी इथेच चुकतो.

पिल्लांच्या डोक्यावर उवा दिसल्या तर बोटाने खोबरेल तेलाचा एक थेंब टाळूवर चोळा. पिल्लू तेलात भिजवू नका, गारठून मरेल.

खुराड्यातल्या किड्याला काय करायचं?

उन्हाचा दिवस निवडा. सकाळी कोंबड्या सोडल्या की आतलं गवत, पेंढा, जुन्या टोपल्या सगळं बाहेर काढून जाळा. विष्ठा खरवडून काढा. दांड्या सुट्या करून उन्हात टाका. दांडी जिथे भिंतीत टेकते ते टोक म्हणजे या किड्यांचं माहेरघर. मग उकळतं पाणी फटीफटीत ओता. आपली खुराडी बऱ्याचदा जांभ्या चिऱ्याची. चिऱ्याला मुळातच भोकं असतात आणि प्रत्येक भोकात किडा बसतो. म्हणून चिरा सुकल्यावर चुन्याचा दाट हात द्या, भोकं बुजली पाहिजेत. दांडीच्या टोकांना आणि लाकडाच्या फटींना करंजेल लावा. नवीन दांडी बसवताना ती काढता-घालता येईल अशी बसवा.

हे एकदा करून भागत नाही. पाच-सात दिवसांनी पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी वाचलेली अंडी तोपर्यंत फुटलेली असतात.

रवणाची टोपली दर वेळी उन्हात तापवून, नवा सुका पेंढा घालून वापरा. पिल्लं निघाली की त्याच दिवशी पेंढा जाळा. मध्येच किडे दिसले तर रात्री दुसरी टोपली तयार ठेवून अंडी आणि कोंबडी हलवा. आमची कोंबडी उठायच्या आधी मी एवढं केलं असतं, तर पिल्लं वाचली असती.

पाय खडबडीत झाले असतील तर

काही कोंबड्यांच्या पायाचे खवले उचलतात, पाय चुना थापल्यासारखे जाड होतात. तोही माइटच, पण खवल्यांच्या आत घर करणारा. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवा, जुन्या ब्रशने हलकेच घासा, पुसून खोबरेल किंवा करंजेल लावा. दोन-तीन आठवडे नेमाने करा. खवले ओरबाडू नका. रॉकेल किंवा गाडीचं जळकं तेल लावू नका, कातडी भाजते.

शेतातलं औषध कोंबडीला नको

भातावर फवारायचं औषध घरात असतं. हात तिकडे जातो. मैत्रिणींनो, 2017 साली युरोपात नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये काय झालं ऐका. तिथल्या मोठमोठ्या पोल्ट्रींमध्ये याच तांबड्या किड्यासाठी फिप्रोनिल नावाचं औषध वापरलं गेलं. खाण्याच्या जनावरांवर ते वापरायला तिथे बंदी होती. औषध अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. हेच फिप्रोनिल आपल्याकडे भाताच्या खोडकिड्यावर मारतात. तिथे अंडी तपासणारी यंत्रणा होती. आपल्या परड्यातलं अंडं थेट आपल्या पोराच्या ताटात जातं. म्हणून औषध घ्याल ते डॉक्टरांना विचारूनच, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा.

मान वाकडी होणं, हिरवट पातळ विष्ठा, एकामागून एक कोंबड्या मरणं हे उवांचं काम नाही. तो राणीखेत असू शकतो. वेळ न घालवता दवाखान्यात कळवा. 1962 हा फुकट फोन जनावरांच्या उपचारासाठी आहे. सल्ल्याला किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्रही आहे.

एकटीने होणार नाही

माझं खुराडं मी कितीही घासलं, तरी माझी कोंबडी शेजारणीच्या अंगणात जाते आणि तिचा कोंबडा माझ्याकडे. रवणासाठी टोपली आपण एकमेकींची मागून आणतो, बाजारातून नवी कोंबडी आणून लगेच इतरांत सोडतो. नवी कोंबडी पंधरा दिवस डालग्याखाली वेगळी ठेवा. आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक ठरवा : अख्ख्या वाडीने एकाच दिवशी खुराडी साफ करायची, आठवड्याने पुन्हा, आणि तिसऱ्यांदाही. पाऊस सुरू व्हायच्या आधीच हे उरका.

घरच्या कोंबडीचा पैसा बाईच्या हातात येतो. मुलांच्या वह्या, एसटीचं तिकीट, राखणीचा कोंबडा, जावयासाठी कोंबडी-वडे, सगळं त्यातूनच निघतं. तो पैसा रात्री फटीतून बाहेर येऊन कोणी पिऊन टाकत नाही ना, एवढं आज रात्री बॅटरी आणि पांढरं फडकं घेऊन बघून या.