बुवाकुकचा सर्वांत लांब डाव

तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे कधी पाहिलाय? संधी मिळाली तर जरूर पाहा, कारण त्यात मनगट जवळजवळ नसतंच! तुमच्या-माझ्या मनगटात ८ छोटी हाडं असतात, नदीतल्या गोट्यांसारखी एकमेकांना खेटून बसलेली. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत त्यांतली साधारण ३ दिसतात. बाकी सगळा काळोख. त्या काळोखात असते कूर्चा, कानाच्या वरच्या कडेसारखी लवचीक, आणि क्ष-किरण तिच्यातून आरपार निघून जातात. पुढच्या वर्षांत एकेका कूर्चेत हाडाचा एकेक ठिपका उगवत जातो, साधारण ठरलेल्या क्रमाने. शेवटचा, आठवा ठिपका उगवेपर्यंत मूल चौथी-पाचवीत पोचलेलं असतं. हे वेळापत्रक इतकं नेमकं आहे की हाताचा एक्स-रे पाहून डॉक्टर मुलाच्या हाडांचं वय सांगू शकतात.

आणि जून जवळ आला की याच हातात आपण पेन्सिल देतो. ‘आता बालवाडीत जायचं ना? मग अ काढून दाखव बघू.’

तयारी हवी, हे खरंच. पण बालवाडीत पाऊल टाकण्यासाठी तीन वर्षांच्या जिवाला नेमकं काय काय यावं लागतं? त्याची यादी करायला बसलं की थक्क व्हायला होतं. त्यातलं बहुतेक सगळं त्याने आधीच सुरू केलेलं असतं, आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत, घरातल्या फरशीवर बसून.

कानापासून सुरुवात करू. ‘ताक’ आणि ‘टाक’. तुम्हाला हे दोन शब्द किती वेगळे वाटतात! इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र त्यातला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा ओळखणं फार जड जातं. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी तिथल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हेच दोन आवाज ऐकवले. आवाज बदलला की बाजूला एक खेळणं उजळून हलू लागायचं. बदल कळलेलं बाळ मान वळवून त्याची वाट पाहायचं. १९८४ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते वाचून आजही नवल वाटतं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना ‘त’ आणि ‘ट’ मधला फरक स्वच्छ कळत होता! ज्या आवाजांशी त्यांचा काही संबंध नव्हता, त्यांच्या आई-बापांनाही जे ऐकू येत नव्हते, ते त्यांना ऐकू येत होते. आणि दहा-बारा महिन्यांची झाली, तोवर बहुतेकांचं ते कसब गेलेलं होतं. हिंदी घरांतल्या बाळांचं मात्र टिकून होतं.

म्हणजे बाळ जन्मतं तेव्हा त्याचे कान जगातल्या कितीतरी भाषांना उघडे असतात. मग वर्षभर ते घरातलं बोलणं ऐकतं आणि ठरवतं, की आपल्याला इथे राहायचंय. आजीच्या गप्पा, भाजीवाल्याची हाळी, आईचं बाळाशी चाललेलं एकतर्फी बोलणं, यातलं काहीच वाया जात नाही. पहिल्या वाढदिवसाचा केक कापायच्या आत भाषेचा पाया घातला गेलेला असतो.

त्या पायावर पुढच्या दोन वर्षांत काय उभं राहतं? एखादं अडीच-तीन वर्षांचं मूल म्हणतं, ‘मी करलं.’ आपण हसतो आणि सुधारतो, ‘करलं नाही रे राजा, केलं.’ पण क्षणभर थांबा. ‘करलं’ हा शब्द त्याला कुणी शिकवला? घरात तर सगळे ‘केलं’ म्हणतात. त्याने बसणं-बसलं, हसणं-हसलं, पडणं-पडलं असे शेकडो शब्द ऐकले, त्यांच्या पोटातला नियम स्वतः शोधून काढला आणि ‘कर’ला लावून पाहिला. ती चूक म्हणजे एका छोट्या व्याकरणकाराचा पुरावा आहे! त्याला मुळाक्षर एकही येत नसेल, पण मराठीचा भूतकाळ त्याने एकट्याने उलगडला आहे.

आता आकडे. तीन वर्षांचं मूल ‘एक, दोन, तीन...’ दहापर्यंत घडाघडा म्हणतं आणि पाहुण्यांसमोर टाळ्या मिळवतं. एकदा त्याच्यासमोर भुईमुगाच्या शेंगांची वाटी ठेवा आणि म्हणा, ‘मला तीन शेंगा दे.’ ते बहुधा मूठभर उचलून देईल. दहापर्यंत म्हणणाऱ्याला तीन कळू नये? याचं कारण असं, की आकड्यांची ती माळ त्याच्यासाठी अजून एक गाणं असते. शब्द पाठ आहेत, पण त्यांच्या पोटातली संख्या अजून दिसलेली नाही. आधी ‘एक’चा अर्थ लागतो. मग कित्येक महिने जातात आणि ‘दोन’चा लागतो. पुन्हा काही महिने, मग ‘तीन’. एका पायरीवरून दुसरीवर जायला महिनेच्या महिने! आणि मग, बहुधा तीन ते चार वर्षांच्या दरम्यान, कधीतरी उजेड पडतो. मोजताना शेवटी जो आकडा आला, तेवढ्या वस्तू आहेत, हे कळतं. तिथून पुढे पाच, सहा, सात यांसाठी महिने थांबावं लागत नाही. दार एकदा उघडलं की उघडलं.

हे दार उघडतं कशाने? जेवताना चार पानं मांडण्याने, प्रत्येकाला एकेक पोळी वाढण्याने, जिना चढताना पायऱ्या मोजण्याने. हातात खरी वस्तू आणि तोंडात तिचा आकडा, दोन्ही एकाच वेळी असले म्हणजे झालं.

यादीतली पुढची गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही: थांबणं. बालवाडीत अख्खा दिवस थांबायचंच तर असतं. झोक्यासाठी, खाऊसाठी, ताईंचं बोलणं पुरं होण्यासाठी. मनात आलेली कृती अडवून धरायचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो, आणि तो तर सगळ्यात सावकाश, थेट विशीनंतरपर्यंत पिकत राहतो. मग तीन वर्षांच्या मुलाला याचा सराव द्यायचा कसा?

आपल्या आज्यांनी तो कधीचाच देऊन ठेवलाय. गोल करून बसायचं, जमिनीवर बोट टेकायचं. ‘चिमणी भुर्र!’ सगळ्यांची बोटं वर. ‘कावळा भुर्र!’ पुन्हा वर. ‘म्हैस भुर्र!’ आणि कुणाचं तरी बोट वर जातंच, आणि एकच हशा पिकतो. त्या एका क्षणात काय घडलं? ‘भुर्र’ ऐकताच बोट उचलायला निघालं होतं. त्याच निमिषात मनाने म्हैस डोळ्यांसमोर आणली, ती उडत नाही हे आठवलं, आणि निघालेलं बोट जागच्या जागी रोखलं. ऐकणं, आठवणं आणि आवरणं, तिन्ही एका भुर्रमध्ये! अमेरिकेत मेगन मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांची शाळेची तयारी जोखायला असाच एक खेळ वापरला: ‘डोक्याला हात लावा’ म्हटलं की मुलाने पायाची बोटं धरायची. जी मुलं हा उलटा हुकूम नीट पाळू शकत, त्यांची पुढची वाचन-गणिताची वाटचालही सहसा अधिक चांगली दिसली. अंगणातल्या म्हशीचं आणि शाळेतल्या गणिताचं असं नातं असेल, असं कधी वाटलं होतं?

हाताकडे परत येऊ या, त्या अर्ध्या दिसणाऱ्या मनगटाकडे. सुरुवातीला बाळ वस्तू मुठीत धरतं. नऊ-दहा महिन्यांचं झालं की अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटतात, जमिनीवरचा कण उचलला जातो, आणि मानवजातीला मिळालेलं एक मोठं वरदान त्या बाळाला लाभतं: चिमूट. पुढे सुईत दोरा ओवायचा तो याच चिमटीने, आणि लेखणी धरायची तीही. या चिमटीला बळ हवं असेल तर तिला मटार सोलू द्या. कणकेची गोळी वळू द्या, तांदळातले खडे शोधू द्या, सदऱ्याचं बटण काजातून ढकलू द्या. सदऱ्याचं एक बटण लावताना तीन वर्षांच्या जिवाची जीभ कशी बाहेर येते पाहिलंय? तिथे दोन हात, दोन डोळे आणि सगळा निश्चय एका छिद्रावर एकवटलेला असतो. ‘अ’ काढण्याची पूर्वतयारी ती हीच.

हे सगळं ऐकून वाटेल की ही प्रयोगशाळांतली नवी समज आहे. पण आपल्याकडे दोन बायकांनी ती कितीतरी आधी, समुद्रकाठच्या एका गावात, कृतीत आणली होती. ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिरात काम करून आल्या होत्या. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि त्याच वर्षी पस्तिशीच्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीचं शिकण्याचं साहित्य सुंदर, पण महागडं. खेड्यात ते आणणार कोण? या दोघींनी आजूबाजूला पाहिलं. शिंपले होते, चिंचोके होते, खडे, पानं, बिया होत्या. लहान-मोठं लावायला, मोजायला, ओवायला, रचायला आणखी काय लागतं?

तरी मोठी अडचण उरलीच. गरीब वस्त्यांतली आणि पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती. तेव्हा त्यांनी एक साधी, पण अफाट गोष्ट केली. मूल शाळेत येत नाही ना? मग शाळाच मुलाच्या अंगणात न्यायची! त्याच्या घरासमोर, त्याच्या आईच्या नजरेसमोर, कोंबड्या-शेळ्यांच्या सोबतीने. मुलांना न्हाऊ घालायचं, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग खेळायला बसायचं. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा आणखी एक कोडं समोर आलं. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड. ती शाळेत येणार कशी? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली. या एकत्र वाडीला विकासवाडी म्हणत. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणातच गेली!

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशभर तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. देशातल्या इतक्या भाषांत रुळलेल्या या शब्दामागे बोर्डीच्या वस्तीतलं ते सारवलेलं अंगण आहे!

त्या अंगणाची आठवण जिल्हा परिषदेच्या शाळांतही जागी होते. २०२२पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी गावात प्रभातफेरी निघते, शाळेच्या दाराशी रांगोळी असते, आणि आत टेबलं मांडलेली असतात. एका टेबलाशी उड्या मारायच्या, कागदाची घडी घालायची. दुसऱ्याशी वस्तूंचे गट करायचे. कुठे चित्र पाहून गोष्ट सांगायची, कुठे मोजायचं. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे आयांचे गट केले जातात, म्हणजे उरलेली तयारी घरी, ओट्यापाशी आणि ओसरीवर चालू राहावी. अंगण शाळेत आलं, आणि शाळा पुन्हा अंगणात गेली.

यादीतली सर्वांत अवघड गोष्ट मी शेवटी ठेवली आहे. दारातलं रडणं.

बाळ चार-पाच महिन्यांचं असतं तेव्हा खुळखुळ्यावर रुमाल टाकला तर ते तो शोधतही नाही. डोळ्याआड झालं, संपलं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्याच तीन मुलांचं निरीक्षण करून हे टिपलं. मग आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास बाळ रुमाल ओढून काढू लागतं. न दिसणारी वस्तूही असतेच, हे त्याला उमगू लागलेलं असतं. आणि नेमकं त्याच सुमाराला आई खोलीतून बाहेर गेली की ते रडू लागतं! आई दिसत नाही, पण ती कुठेतरी आहे, हे आता ते जाणतं. ज्याला आपण हट्ट म्हणतो, तो एका मोठ्या बौद्धिक शोधाचा आवाज असतो.

या शोधाचाही सराव आपण केव्हाच घेतलेला असतो. पदराआड तोंड लपवायचं. ‘बुवा...’ बाळ श्वास रोखून बघतं. ‘कुक!’ आणि ते खदखदून हसतं. गेलेलं परत येतं, गेलेलं परत येतं, शंभर वेळा, हजार वेळा. प्रत्येक डावात विश्वासाचा एकेक टाका पडत जातो.

म्हणून बालवाडीच्या दारातून नजर चुकवून पळू नका. बुवा म्हटलंच नाही, तर कुकचा भरवसा कसा वाटणार? सांगून जा. घड्याळातले ‘बारा’ त्याला कळत नाहीत. ‘काल’ आणि ‘उद्या’ यांचीही त्याच्याकडे अजून सरमिसळ असते. त्याला घटनांचा क्रम कळतो. ‘आधी खेळायचं, मग गोष्ट, मग खाऊ. खाऊ संपला की मी दारात.’ आणि मग खरोखर दारात असा.

ते थोडं रडेल. ताईंचा हात धरून आत जाईल. चिंचोक्यांपाशी बसेल, हातातली गोळी वळता वळता एकदा दाराकडे पाहील. खाऊचा डबा उघडेल, संपवेल, पुन्हा दाराकडे पाहील. आणि दारात तुम्ही उभे असाल.

कुक!